ड्रायव्हरकाकांचे डोळे

"भोंग्याच्या घरी कळवलंत का?" असं आईने विचारलं आणि टेबलाशी बसलेली तिची तिन्ही मुलं आपापल्या ताटात बघायला लागली.

बाबांना जाऊन महिना होत आला होता. येत्या रविवारी दुपारी लोकांना बोलवायचं हे आईनेच ठरवलं होतं, आणि तेही घरी नाही, दुकानात. तिचं म्हणणं, ज्यांनी त्या दुकानातल्या खुर्चीत बसून यांच्याकडून डोळे तपासून घेतले, त्यांनी तिथेच यावं, दोन शब्द बोलावेत, चहा घ्यावा आणि जावं. फोन करायचं काम ताईने अंगावर घेतलं होतं. ताई शाळेत शिकवायची आणि घरातही हजेरी घेतल्यासारखीच बोलायची, त्यामुळे तिने बोलावलं की माणसं येणारच होती. धाकटा बाबांच्या हाताखाली तयार झालेला, दुकान आता तोच चालवत होता. तो काउंटर भिंतीला लावून खुर्च्या मांडणार होता. मधल्याकडे काहीच काम नव्हतं. तो लांबच्या शहरात लिफ्टच्या देखभालीचं काम बघायचा, घरी पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखाच जायचा. सगळ्यांना त्याची सवय झाली होती. त्याला स्वतःलाही.

"त्यांचा नंबर कुणाकडे आहे आता?" ताई म्हणाली.

"माझ्याकडे आहे," आई म्हणाली.

धाकट्याने हातातला घास खाली ठेवला. त्याला हे मुळीच पसंत नव्हतं, आणि ते त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. जुनं प्रकरण लोक आता कुठे विसरलेत. भोंग्याच्या आईला भर दुकानात पाहिलं की ज्यांना आठवत नाही त्यांनाही आठवेल. बाबा गेले, आता त्यांच्या नावावरची धूळ कशाला उडवायची? त्याला रोज त्याच दुकानात उभं राहायचं होतं, तेव्हा त्याचंही काही चुकत नव्हतं.

ताईने मधल्याकडे पाहिलं. तिला वाटलं, भोंग्या याचा मित्र, तेव्हा बोलवूया असं हा तरी आपल्याबरोबर म्हणेल. लहानपणापासून कुठल्याही भांडणात ही दोघं एकीकडे आणि धाकटा एकटा एकीकडे, असाच घराचा रिवाज होता.

"धाकट्याचं बरोबर आहे," मधला म्हणाला. "नको बोलवूया."

ताई बघतच राहिली. धाकटाही बघत राहिला, कारण मोठ्या भावाचं आणि आपलं एकमत झाल्यावर काय करायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. आईने मात्र शांतपणे ताटं गोळा केली.

"तर मग मीच कळवते," ती म्हणाली.

*

भोंग्या मधल्याच्या वर्गातला. आवाज असा, की तो मैदानाच्या एका टोकाला हळू बोलला तरी दुसऱ्या टोकाला कळायचं. वडील बसचे ड्रायव्हर, त्यामुळे भोंग्या हे नाव त्याला चिकटायला वेळ लागला नाही. मधल्याला तो चष्म्या म्हणायचा. मधल्याला चष्मा नव्हता, बापाचं दुकान होतं, तेवढं पुरेसं होतं.

डेपोच्या मागे दोन खोल्यांत भोंग्याचं घर होतं. आई, वडील, भोंग्या आणि त्याच्या पाठच्या दोन बहिणी. सगळे एकाच वेळी बोलायचे आणि सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू यायचं, हे मधल्याला फार नवलाचं वाटे. त्याच्या स्वतःच्या घरात घड्याळसुद्धा दबकत चालायचं. बाबा दिवसभर दुकानात लोकांशी मोजकं बोलायचे आणि जे मोजकं उरायचं ते घरी आणायचे. त्यामुळे शाळा सुटली की मधल्याची पावलं आपोआप डेपोकडे वळायची. अभ्यास तिथे, खेळ तिथे, जेवण तिथे, आणि कित्येकदा दोन बहिणींच्या लाथा खात झोपही तिथेच. भोंग्याच्या आईने त्याला कधी पाहुणा मानलं नाही. आपल्या मुलांना रागावताना ती त्यालाही त्यात धरून रागवायची. त्याचा त्याला अभिमान वाटे. ड्रायव्हरकाका शेवटची फेरी संपवून आले की हात धुवायच्या आधी दोघा पोरांच्या डोक्यावर एकेक टपली मारायचे. डावीकडचा भोंग्या, उजवीकडचा चष्म्या. पुढे पुढे डावीकडची टपली हुकायला लागली. भोंग्याच्या खांद्यावर बसायची, कधी हवेतच जायची, आणि सगळे हसायचे. काकाही हसायचे.

शाळेच्या शेवटच्या वर्षी काकांची गाडी गेली. डेपोने त्यांना स्टिअरिंगवरून उतरवलं आणि तासाभराच्या अंतरावरच्या गावात, तिथल्या डेपोच्या गोदामात बसवलं. वर्गात बातमी यायला दोन दिवसही लागले नाहीत. चष्म्याच्या बापाने साहेबांना जाऊन सांगितलं, म्हणे, की या माणसाला दिसत नाही. चष्म्याच्या बापाने भोंग्याच्या बापाच्या पोटावर पाय दिला.

मधला धावत दुकानात गेला. बाबा एक काच फडक्याने पुसत होते.

"तुम्ही सांगितलंत?" त्याने विचारलं.

"सांगितलं," बाबा म्हणाले, आणि काच उजेडाकडे धरून पाहिली.

एवढंच. कारण नाही, खुलासा नाही, रागावणं नाही. मधला उभा राहिला, वाट पाहिली, मग निघून गेला. भोंग्याच्या घरचं सामान हललं त्या दिवशी तो डेपोच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरला. कुठल्या तोंडाने पुढे जाणार? त्यानंतर भोंग्याही कधी आला नाही, आणि त्याचं न येणं बरोबरच आहे असं मधल्याने धरलं. बाबांशी त्याचं बोलणं तुटलं नाही, पण पातळ झालं. तब्येत कशी आहे, पाऊसपाणी काय म्हणतंय, पैसे लागले तर सांगा. शेवटी दवाखान्यातसुद्धा तो बाबांच्या उशाशी बसून छताच्या पंख्याबद्दल बोलला होता, पंखा आवाज करतोय, सांगायला हवं म्हणून.

*

रविवारी दुपारी दुकान भरलं. धाकट्याने काचेचं कपाट पुसून लखलखीत केलं होतं. भिंतीवर बाबांचा फोटो, शेजारी अक्षरांचा तक्ता. वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी. येणारा प्रत्येक जण फोटोला नमस्कार करायचा आणि नकळत एक डोळा बारीक करून तक्त्याची खालची ओळ वाचून बघायचा. ताई दाराशी उभी राहून प्रत्येकाला जागा दाखवत होती. लोक बोलत होते ते साधंच. एका शिंपिणीने सांगितलं, सुईत दोरा जाईना म्हणून डोळ्यांत पाणी घेऊन आले होते, हसत गेले. एक निवृत्त पोस्टमन म्हणाला, जगात एवढ्या चुका आहेत हे मला यांनी चष्मा दिल्यावर कळलं.

मधला आतल्या तपासणीच्या खोलीच्या पडद्याशी उभा होता. दर वेळी दार उघडलं की तो अर्धं पाऊल पडद्यामागे सरत होता. तो स्वतःला समजावत होता की ते येणारच नाहीत, आणि आले तरी कुणी भांडायला इतकं लांब येत नाही. मग त्याला वाटे, भांडायलाच तर माणूस लांबून येतो.

दार उघडलं आणि आधी काठी आत आली. मागून भोंग्याची आई. केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती, पण उंबऱ्यातून आत येतानाच ताईला म्हणाली, "अगं, किती वाळलीस, खातेस की नाही?" सगळ्यांना जागा दाखवणारी ताई जागा दाखवायची विसरली. काकूंच्या मागे एक रुंद खांद्यांचा, टक्कल पडलेला माणूस होता. त्याने फोटोला हात जोडले आणि बराच वेळ खाली घेतले नाहीत.

धाकटा झटकन मधल्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. "काही झालं तर मी बोलतो," तो पुटपुटला. "तू गप्प राहा." मधल्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा धाकट्या भावाचा आधार वाटला.

पण झालं ते भलतंच. आई उठली आणि सरळ काकूंकडे गेली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या त्या नवख्या बायका पडतात तशा नाही. आईने काकूंची काठी घेऊन अशी कोपऱ्यात ठेवली, जशी ती काठी रोज तिथेच ठेवली जाते.

"गुरुवार उजाडला की अजून दाराकडे बघते मी," काकू म्हणाल्या.

"मीही पिशवी काढून ठेवते," आई म्हणाली. "मग आठवतं."

तिन्ही भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. गुरुवार हा दुकानाच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी बाबा सकाळी पिशवी घेऊन बसने घाऊक बाजारात भिंगं आणायला जायचे, हे घरात सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं होतं.

*

लोक पांगल्यावर दुकानाचं दार ओढून घेतलं आणि घरचेच उरले. घरचे म्हणजे आई, तीन मुलं, काकू आणि भोंग्या. तेव्हा काकूंनी सांगितलं. त्यांना वाटलं होतं की या मुलांना सगळं माहीत आहे. माहीत नाही म्हटल्यावर त्यांनी आईकडे पाहिलं, आईने मान खाली घातली, आणि मग त्यांनी पहिल्यापासून सांगितलं.

एका दुपारी डावीकडून एक सायकलवाला आला होता. काकांना तो दिसलाच नाही. कंडक्टर ओरडला, ब्रेक लागला, कुणाला खरचटलंही नाही. पण काकांनी गाडी डेपोत लावली आणि घरी न जाता या दुकानात आले. बाबांनी डोळे तपासले, मोठ्या दवाखान्यात पाठवलं, आणि तिथून आलं ते उत्तर बाबांनी आधीच ओळखलं होतं. समोरचं दिसतंय, बाजूचं विझत चाललंय, आणि ते वाढत जाणार.

"हे इथेच बसले होते," काकू म्हणाल्या. "म्हणाले, मी आपण होऊन गाडी चालवत नाही म्हणालो तर कामचुकार म्हणून घरी बसवतील. दुसऱ्या कुणी सांगितलं तर बसून करायचं काम तरी देतील. तुम्ही सांगा साहेबांना. आणि मी सांगायला लावलं हे कुणाला कळू देऊ नका, माझ्या पोरांनाही नको. त्यांना वाटायला नको, बाप स्टिअरिंगला घाबरला. तुझे बाबा म्हणाले, बरं."

"फक्त बरं?" धाकट्याने विचारलं.

"तेवढंच. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. गावाच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या आणि आमच्या घरची चूल पेटती राहिली."

मधला स्टुलावर बसला. त्याला बरं वाटत नाही असं समजून ताई पाणी आणायला वळली, पण तसं नव्हतं. आयुष्यभर पाठीवर असलेलं ओझं कुणीतरी न विचारता उतरवून घ्यावं आणि तोल जावा, तसं काहीतरी झालं होतं.

पुढचं भोंग्याने सांगितलं. त्या गावात भरणाऱ्या भाजीच्या घाऊक बाजारात तो लिलाव पुकारायचा, आणि घसा जपायला डॉक्टरांनी सांगितलं म्हणून एरवी अगदी हळू बोलायचा. भोंग्याचं बोलणं कान पुढे करून ऐकावं लागेल असं तिथे कुणाला वाटलं नव्हतं. तो म्हणाला, वडिलांनी आम्हाला दोनचार वर्षांनी सगळं सांगून टाकलं. मग डोळे पार गेले, आणि तेव्हापासून चष्मेवाले काका दर गुरुवारी यायचे. पेपर वाचून दाखवायचे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, वधू पाहिजे, वर पाहिजे, विहिरीच्या पंपाची निविदा, काही सोडायचे नाहीत. पुढाऱ्याचं भाषण पुढाऱ्याच्या आवाजात वाचायचे. दोघे हसून हसून बेजार व्हायचे. वडील गेले तरी यायचे. मग आईला वाचून दाखवायचे.

"फार बोलके होते तुझे बाबा," काकू म्हणाल्या.

"आमचे?" ताई म्हणाली. तिने ते इतक्या प्रामाणिकपणे विचारलं की आईला हसू फुटलं. मग धाकटा म्हणाला की भिंगं तर कित्येक वर्षं पार्सलनेच यायची, हे त्याला ठाऊक होतं, आणि दर गुरुवारी कपड्यांना इस्त्री करून हे जातात कुठे म्हणून त्याला भलतीच शंका आली होती. ताईने त्याला डोळ्यांनी दटावलं, पण उशीर झाला होता. काकूंनी तोंडाला पदर लावला आणि त्यांचे खांदे गदगदू लागले. त्या दुकानात एवढ्या मोठ्याने पूर्वी कुणी हसलं असेल असं वाटत नाही.

हसणं ओसरल्यावर मधला आईकडे वळला. त्याला राग आला होता, आणि त्या रागात सुटल्यासारखंही वाटत होतं. 

"तुला माहीत होतं. तू तरी सांगायचंस."

"कितीदा म्हटलं त्यांना," आई म्हणाली. "पोरगं तुमच्यापासून तुटतंय, सांगा त्याला. म्हणायचे, मी शब्द दिलाय. मग ड्रायव्हरभाऊ गेले. म्हटलं, आता तरी सांगा. तर म्हणाले, ज्याला शब्द दिला तो गेला, आता तो शब्द परत कुणाला करू?" तिने काकूंचा हात हातात घेतला. "मला नाही पटलं ते. आजही पटत नाही. मी भांडले त्यांच्याशी. पण शब्द त्यांचा होता, मी कशी मोडणार? ते गेल्यावर म्हटलं, माझ्या तोंडून नको, या मायलेकांच्याच तोंडून निघू दे."

धाकटा उगाच काउंटरवरून हात फिरवत राहिला. ज्या गोष्टीची तो आयुष्यभर लाज झाकत आला होता, ती लाज नव्हतीच, हे त्याला हळूहळू उमगत होतं.

मधला भोंग्याला म्हणाला, "तुला माहीत होतं, मग तू का नाही आलास कधी?"

"तू का नाही आलास?" भोंग्या म्हणाला. "सामान हललं तेव्हा तू कोपऱ्यावर उभा होतास. मी बघितलं होतं. पाठ फिरवून गेलास. मला वाटलं, गोदामात बसणाऱ्याच्या पोराशी तुला आता बोलायचं नाही. तुझ्या बाबांना विचारलं की म्हणायचे, बरा आहे, कामात असतो. मी म्हटलं, असू दे. मोठा झाला असेल."

"मी लिफ्ट दुरुस्त करतो."

"मग मोठा नाही, वर गेलास," भोंग्या त्या बसक्या आवाजात म्हणाला. मधल्याला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. त्याने ते लपवायची खटपट केली नाही.

*

परतीच्या बसची वेळ झाली. काकूंना बसपर्यंत सोडायला मधला निघाला. ताई आणि धाकटा खुर्च्या जागेवर लावत होते. कुठली कुठे ठेवायची यावरून त्यांचं जुंपलं होतं, आणि मधल्याला बाहेरूनही ऐकू येत होतं की या वेळी ताई हरते आहे.

रस्ता ओलांडताना काठी भोंग्याकडे देऊन काकूंनी एका हाताने मुलाचा आणि दुसऱ्या हाताने मधल्याचा दंड धरला. चालता चालता त्या दोघांनाही रागावत होत्या, नीट बघून चाला, गाडी येतेय. भोंग्या सांगत होता की एक बहीण शेजारच्याच गल्लीत राहते, संध्याकाळी तिची पोरं घरीच असतात, आणि कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. मधला विचारत होता आणि तो सांगत होता, तुटक, मधूनच, जसं बोलत बोलत माणसं थांबलेली असतात आणि पुन्हा सुरू करतात.

बस आली. काकू चढल्या, भोंग्या चढला. त्याने खिडकीतून हात केला नाही. शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि पुढे बघत बसला.

मधला चढला.

गाडी सुटल्यावर त्याने ताईला फोन लावला. सांगितलं की मी जरा जाऊन येतो. कुठे, असं तिने विचारलं, आणि त्याने सांगितलं. मग फोन कुणीतरी तिच्या हातातून घेतल्यासारखा वाटला.

"जेवायला जातोयस की राहायला?" आई विचारत होती. शाळेच्या दिवसांत दारातून दप्तर आत भिरकावून तो पळायचा तेव्हा ती स्वयंपाकघरातून हेच विचारायची, आणि उत्तर यायच्या आत तो कोपऱ्यावर पोचलेला असायचा.

"राहायला," मधला म्हणाला.

"बरं," आई म्हणाली.